मदत हवी आहे: मे महिन्यात पाहुण्यांना धबधबा कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी. आम्ही तुळजापूरचे. मेच्या सुट्टीत ठाण्याहून नणंद पोराबाळांसह येतेय. देवीचं दर्शन, नळदुर्ग, मग वेरूळ-अजिंठा असा बेत आहे.

अडचण अशी की सगळ्यांनी रील्स बघून ठेवलेत. नळदुर्गला नर-मादी धबधबा कोसळतोय, वेरूळचा डोंगर हिरवागार! आता मेमध्ये बोरी नदीला पाणी कुठलं? पावसाळ्यात बंधारा भरून वाहिला तरच तो धबधबा. जाहिरातीत महिना कुणी लिहीत नाही. फोनवर सांगितलं तर म्हणते, "वहिनी, उगाच घाबरवू नका." मला तर किल्ल्यातल्या त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल कोरड्या दिवसांतच आवडतो, बांधकाम निवांत बघता येतं. पण पोरांना हे कोण पटवणार?

अजिंठ्याचं वेगळंच. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र फोटोत कसं झळाळतं! आत मंद उजेड, फ्लॅशला बंदी. डोळे सरावेपर्यंत भिंत नुसती काळपट दिसते, अन् माणसं तेवढ्यात "एवढंच?" म्हणत बाहेर पडतात. जरा थांबलं की हातातलं कमळ, मुकुट, झुकलेली नजर एकेक करून दिसायला लागतं.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, ते धरूनच आखलंय. उन्हाचा विचार करता फर्दापूर फाट्यावर किती वाजता पोचावं? तिथून लेण्यांकडे जाणाऱ्या बसला सुट्टीत फार रांग असते का? मुलांना गोष्ट रंगवून सांगणारा मराठी गाइड मिळतो का? आणि पाण्याचा हट्ट भागवायला, जायकवाडी सोडून, वाटेत काही सुचतंय का?