सात अक्षरं आणि उत्तर एकच?

स्वराची आई (बी-३०४): मंजिरीताई, दोनदा फोन केला, उचलला नाहीत, म्हणून इथे लिहितेय. काल मंडपात मुलांची शब्दशोध स्पर्धा झाली. तिसऱ्या फेरीत सात अक्षरं होती, ए ई आय एन आर एस टी. सगळी वापरून एक शब्द करायचा. स्वराने 'नॅस्टियर' लिहिलं. त्यावर लाल फुली. एका मार्काने तिचा पहिला नंबर गेला. का?

मंजिरीताई (सांस्कृतिक): अगं आरतीच्या गडबडीत फोन पिशवीतच राहिला. आमच्याकडच्या उत्तरांच्या कागदावर 'रिटेन्स' होतं, तपासणाऱ्यांनी तेच बघून मार्क दिले. कोणावर अन्याय करायचा हेतू नव्हता 🙏

जोशी काका (ए-१०१): नियम क्र. ४. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

स्वराची आई: काका, नियम मान्य. पण हा शब्द इंग्रजीत आहे की नाही, एवढंच विचारतेय. नॅस्टी म्हणजे वाईट, त्याचं नॅस्टियर, नॅस्टिएस्ट. शाळेत शिकवतात हे.

अमेय (बी-२०१): ग्रुपचं वातावरण ओळखूनच शब्द काढलाय पोरीने 😄

स्वराची आई: अमेय, आत्ता नको. ती काल जेवली नाहीये.

अमेय: सॉरी ताई.

बी-१०२: वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवलाय का? नळाला करंगळीएवढी धार आहे.

सेक्रेटरी: बघायला सांगतो.

देशपांडे काका (सी-४०२): मंजिरी, स्वराचं बरोबर आहे. मी आत्ता टेबलावर स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द करायच्या खेळाच्या, सोंगट्या मांडूनच बसलोय. (आमच्या डब्यातली टी हरवली आहे, तिच्या जागी शर्टाचं बटण ठेवलंय.) याच सात अक्षरांतून रिटेन्स होतं, नॅस्टियर होतं, रेटिनाज म्हणजे डोळ्यांचे पडदे होतात, स्टेनर होतं, स्टिअरिन म्हणजे मेणबत्तीत वापरतात ते होतं, आणि रेट्सिना नावाची ग्रीक वाइनही होते. प्रत्येक अक्षर एकेकदाच वापरून.

मंजिरीताई: बाप रे. इतके?

देशपांडे काका: आणि हे होणारच होतं. स्क्रॅबल ज्याने काढला तो आल्फ्रेड बट्स अमेरिकेतला आर्किटेक्ट. त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली आणि त्या प्रमाणात सोंगट्या ठरवल्या. ई १२, ए आणि आय ९-९, एन, आर, टी ६-६, एस ४. बेरीज करा, ५२. म्हणजे १०० सोंगट्यांतल्या निम्म्याहून जास्त या सातच अक्षरांच्या. इंग्रजीतली सगळ्यात वापरातली अक्षरं निवडायची आणि उत्तर एकच धरायचं, हे जमत नाही. एकच उत्तर हवं होतं तर आर एच वाय टी एच एम द्यायचं. त्यातून ऱ्हिदमशिवाय काही निघत नाही.

जोशी काका: नियम क्र. ४. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

रेहानचे बाबा (डी-५०३): विषय निघालाच आहे म्हणून. दुसऱ्या फेरीत क्यू असलेले शब्द विचारले होते. रेहानने कव्वाली लिहिलं, क्यू ए डब्ल्यू डब्ल्यू ए एल आय. 'क्यूच्या पुढे यू पाहिजे' म्हणून कापलं. डिक्शनरीत हेच स्पेलिंग आहे.

देशपांडे काका: आहे. तलाक आणि निकाबही क्यूने आहेत. यू नसलेले क्यूचे बरेचसे शब्द अरबी-फारसीकडून आलेत. पोराचा शब्द शंभर टक्के बरोबर.

सी-२०३ काकू: पण कव्वाली इंग्रजी कशी? मग उद्या कोणी पुरणपोळी लिहील.

देशपांडे काका: वहिनी, डिक्शनरीत शिरला की तो इंग्रजी. मंगूज शब्द इंग्रजांनी आपल्या मुंगसावरूनच घेतलाय.

अमेय: मुंगूस मराठी आहे?? हे मला आज कळतंय.

सी-२०३ काकू: मुंगसावरून आठवलं, मागच्या कंपाउंडपाशी परवा एक दिसलं होतं. साप असेल तिथे.

सेक्रेटरी: काकू, कृपया भीती पसरवू नका. गवत कापून घेतोय.

सी-२०३ काकू: गवत जूनपासून कापताय.

जोशी काका: नियम क्र. ४. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. असे प्रत्येकाचे पेपर उघडत बसलो तर विसर्जन उजाडेल.

स्वराची आई: काका, गेल्या वर्षी फॅन्सी ड्रेसच्या वेळी ए विंगसाठी निकाल बदलला होता. तेव्हा नियम क्र. ४ कुठे होता?

जोशी काका: तो विषय वेगळा होता. आणि त्याची जाहीर चर्चा मला योग्य वाटत नाही.

मंजिरीताई: प्लीज, तो विषय नको. आम्ही चौघीजणी नोकऱ्या सांभाळून हे करतो. प्रश्न रात्री साडेबारापर्यंत जागून काढलेत. चूक झाली असेल, पण सूर बघा जरा.

स्वराची आई: ताई, तुमचे कष्ट दिसतात, खरंच. आदल्या दिवशी खुर्च्या मांडायला मीही होते. मला ढाल नकोय. पहिल्या आलेल्या मुलाचं बक्षीस काढून घ्या असंही म्हणत नाहीये, त्याने छान सोडवला पेपर. पण स्वराने ती अक्षरं कागदाच्या कपट्यांवर लिहून, फिरवून फिरवून तो शब्द काढला होता. एस शेवटी, मग ईआर शेवटी, मग आयईआर, आणि पुढे नॅस्ट उरलं. कपटे अजून कंपासपेटीत आहेत. आता म्हणते, 'आई, मी परत नाही भाग घेणार.' तिला एवढंच कळायला हवं की शब्द बरोबर होता.

देशपांडे काका: आयईआर बाजूला काढला पोरीने? अहो, स्क्रॅबल खेळणारे हेच करतात. शेवट आधी शोधायचा. मला कोणी शिकवलं नव्हतं, वर्ष लागलं समजायला. सातही सोंगट्या एकदम लावल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात. तिला माझ्याकडे पाठवा, डबा तिच्यासाठी काढून ठेवतो.

मंजिरीताई: हे मला माहीत नव्हतं गं. कपट्यांचं वाचून कसंतरीच झालं. उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे सगळे पेपर डिक्शनरी घेऊन पुन्हा तपासू. स्वरा आणि रेहान दोघांचं नाव माइकवरून सांगेन. मार्क सारखे झाले तर पहिला नंबर विभागून. देशपांडे काका, तुम्ही याल?

देशपांडे काका: येतो. डिक्शनरी जड आहे आणि लिफ्ट बंद आहे, कोणीतरी वर या.

अमेय: मी येतो काका.

जोशी काका: विभागून द्यायचं तर नियमात तसं लिहून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा हेच नको.

मंजिरीताई: घेते काका.

स्वराची आई: थँक्यू ताई. तिला आत्ताच सांगते, जागी आहे अजून.

बी-१०२: धार अजून करंगळीएवढीच आहे.