‘लास्ट सपर’च्या भिंतीवर आता लिओनार्दो किती उरलाय?

रंगारी
मत सरळ मांडतो. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्राझिए मठातलं लिओनार्दो दा विंचीचं ‘लास्ट सपर’ जगातल्या सर्वश्रेष्ठ भित्तिचित्रांत मिरवतं, आणि तो मान त्याला शोभत नाही. ‘तुमच्यातलाच एक जण मला दगा देणार’ असं येशू सांगतो आणि बारा शिष्य हादरतात, तो शेवटच्या जेवणाचा प्रसंग. कल्पना थोर आहे, वाद नाही. पण भित्तिचित्र म्हटलं की भिंतीवर टिकलेला रंगही त्यात आला.

तेव्हाची रूढ रीत अशी: दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच रंग द्यायचा. चुना सुकता सुकता रंग धरून ठेवतो. लिओनार्दोला ही घाई नको होती. त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवलं. १४९८च्या सुमारास चित्र पुरं झालं आणि १५१७मध्ये एका प्रवाशाने ते खराब होऊ लागल्याचं लिहूनही ठेवलं. १६५२मध्ये दारासाठी भिंत फोडताना येशूचे पाय गेले. अठराव्या शतकात वरून रंगकाम झालं. १९७८ ते १९९९ या काळात दुरुस्तीतज्ज्ञ पिनिन ब्राम्बिला यांनी ती पुटं काढली; खाली काहीच सापडलं नाही तिथे जलरंगाचा फिकट हात दिला.

त्याच खोलीत मागे वळा. समोरच्या भिंतीवर मोन्तोर्फानो या चित्रकाराचं १४९५चं क्रूसावरच्या येशूचं चित्र आहे, ओल्या गिलाव्यावरचं, आणि ते धड आहे. त्याच चित्रात खाली मिलानच्या ड्यूक लुदोविको स्फोर्झाचं कुटुंब नंतर कोरड्यावर रंगवलं गेलं. ते काम लिओनार्दोचं मानतात. ती माणसं जवळजवळ पुसली गेली आहेत. एकच खोली, एकच हवा! भिंतीत ओल मुरू देणाऱ्या गवंड्याला आपण शाबासकी देत नाही. इथे का द्यायची?

मृण्मयी
सपशेल असहमत. याच प्रसंगाची आधीची चित्रं समोर ठेवा. फ्लोरेन्समधलं कास्तान्योचं १४४७चं, गिर्लांदायोचं १४८०चं. दोन्हींत दगा देणारा यहूदा टेबलाच्या अलीकडच्या बाजूला एकटा बसवलाय, बघणाऱ्याने चटकन ओळखावा म्हणून. लिओनार्दोने त्याला सगळ्यांच्या रांगेत घेतलं. शिष्यांचे तीन-तीनचे चार घोळके केले, त्यामुळे एका वाक्याचा धक्का मधून दोन्ही टोकांपर्यंत जाताना दिसतो. यहूदा मागे सरकलाय, मुठीत थैली, तोंड सावलीत. त्याच्या पाठीमागून पेत्र योहानाच्या कानाशी लागलाय आणि पेत्राच्या हातात सुरी आहे. खोलीच्या सगळ्या रेषा येशूच्या कानशिलाशी येऊन मिळतात. तिथे खिळ्याचं भोकसुद्धा सापडलंय. रंग उडाल्याने यातलं काय गेलं, सांगा.

रंगारी
मृण्मयीताई, हे सगळं नकलेत जास्त स्वच्छ दिसतं. जांपिएत्रिनो या चित्रकाराने कॅनव्हासवर केलेली जवळपास मूळ आकाराची प्रत इंग्लंडमध्ये आहे. तीत यहूदाच्या हाताने लवंडलेलं मिठाचं भांडं स्पष्ट आहे, येशूचे पायही आहेत. म्हणजे कौतुक रचनेचं आहे. मग खुशाल रचनेचं करा. भिंतीपुढे १५ मिनिटं मिळावीत म्हणून लोक कितीतरी आधी तिकीट काढतात, ते मात्र लिओनार्दोचा हात बघायला मिळेल म्हणून.

औरंगाबादकर
कोरडी भिंत म्हणजे चूकच, हे गृहीतक मला पटत नाही. अजिंठ्याची चित्रंसुद्धा कोरड्या गिलाव्यावरची आहेत, आणि दीड हजार वर्षांनीही आपण ती बघतो. तिथे नुकसान करण्यात दुरुस्तीचाही हात होता. १९२०च्या दशकात निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं रोगण दिलं, ते पिवळं पडून रंग झाकोळले. ‘लास्ट सपर’चेही हाल असेच नंतरच्यांनी केले. त्याचं पाप लिओनार्दोच्या माथी मारू नका.

दुसरं, सावकाश रंगवणं हा आळस नव्हता. बांदेल्लो नावाच्या लेखकाने लिओनार्दोला तिथे काम करताना पाहिलं होतं. कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून ब्रश चालवायचा, कधी हाताची घडी घालून नुसता बघत राहायचा. सफाईनंतर टेबलावरच्या कथलाच्या ताटल्यांत शेजारच्या कपड्यांच्या रंगाची झाक उमटलेली दिसली. असा प्रकाश पुन्हा पुन्हा हात फिरवल्याशिवाय येत नाही. गिलावा सुकायच्या आत उरकायचं बंधन असतं तर तो तसा साधला नसता.

रंगारी
अजिंठ्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथल्या कारागिरांना आपली भिंत ठाऊक होती. माती, भुसा, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. ती पद्धत मुरलेली होती. इथे एका मोठ्या माणसाने ड्यूकच्या पैशावर प्रयोग केला आणि वीस वर्षांत तो फसल्याचं दिसलं. दुरुस्ती करणारे त्यानंतर आले. आधी रंग सुटला, म्हणूनच त्यांना बोलवावं लागलं.

लिओनार्दोचा हातच बघायचा तर पोलंडमध्ये क्राकूवला ‘लेडी विथ अ‍ॅन अर्मिन’ आहे. तोच लुदोविकोचा दरबार, अक्रोडाच्या फळीवरचं तैलचित्र, थोडं आधीचं. त्या बाईची बोटं बघा, नखं बघा, आणि मग भिंतीवरच्या हातांकडे या.

मृण्मयी
क्राकूवचं चित्र अप्रतिमच आहे, पण तिथे एक बाई आणि एक प्राणी आहे. तेरा माणसं एका टेबलाशी बसवून प्रत्येकाला वेगळा धक्का देणं ही निराळी कामगिरी आहे. मोन्तोर्फानोचं ते शाबूत चित्र माणसांनी गच्च भरलंय. त्यातला एक तरी चेहरा, एक तरी हात त्याच्यानंतरच्या कुणी उचलला का? इकडे बार्तोलोमेओचं टेबलावर हात टेकून उठणं, थोमाचं वर गेलेलं बोट चित्रकार आजही गिरवतात. तुम्ही नक्कल चांगली म्हणता, पण जांपिएत्रिनोला तरी नक्कल करावीशी का वाटली?