मदत हवी आहे: १४३(१)ची इंटिमेशन, २७,१३० रुपयांची डिमांड, जुन्या कंपनीचा टीडीएस धरलेला नाही

निशिगंध:
करनिर्धारण वर्ष २०२५-२६चं रिटर्न मुदतीत भरलं, ई-व्हेरिफायही केलं. भरणा शून्य, परतावा शून्य. डिसेंबर २०२४अखेर नोकरी बदलली होती. दोन्हीकडचा पगार रिटर्नमध्ये दाखवला आहे. १८ नोव्हेंबर २०२५ तारखेची इंटिमेशन (रिटर्न तपासून खात्याने पाठवलेलं पत्र) आली, तीत दोन्ही रकान्यांमधलं (मी दाखवलेलं आणि खात्याने काढलेलं) उत्पन्न आणि कर सारखाच आहे. फरक फक्त टीडीएसमध्ये (पगारातून आधीच कापलेल्या करात). जुन्या कंपनीने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ८,००० कापले, ते २४,००० शून्य धरलेत. पगारपत्रकांवर कपात स्पष्ट दिसते.

१. २४,००० कमी धरले तर मागणी २७,१३०ची का?
२. आत्ता भरून टाकावेत का?
३. रेक्टिफिकेशन (खात्याच्या आदेशातली चूक दुरुस्त करून घ्यायचा अर्ज) करायचं की सुधारित रिटर्न?

ताळेबंद:
आधी पत्र खरं आहे याची खात्री करा. पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस पडताळण्याची सोय आहे. तिथे पत्रावरचा डीआयएन टाका. १ ऑक्टोबर २०१९पासून खात्याच्या पत्रांवर हा क्रमांक असतो. ईमेलमधल्या लिंकवरून पैसे भरू नका.

आता हिशेब. टीडीएस नाकारला की त्या रकमेचा आगाऊ कर तुम्ही भरायला हवा होता असं सिस्टिम धरते आणि व्याज आपोआप लागतं. कलम २३४बी (आगाऊ कर न भरल्याचं व्याज): एप्रिल ते नोव्हेंबर ८ महिने, दरमहा १ टक्का, म्हणजे १,९२०. कलम २३४सी (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं व्याज): चार हप्त्यांचे १०८, ३२४, ५४० आणि २४०, मिळून १,२१२. एकूण २७,१३२, दहाच्या पटीत २७,१३०. तुमचा आकडा पैशापर्यंत जुळतो, म्हणजे दुसरी कुठलीही चूक लपलेली नाही. टीडीएस मिळाला की व्याजही जाईल.

घाईने भरू नका. आणि 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये 'डिमांड इज करेक्ट' तर मुळीच निवडू नका, नंतर तिथे असहमती नोंदवता येत नाही.

मोडीलिपी:
सुधारित रिटर्न नको. तुमच्या रिटर्नमध्ये चूकच नाही, मग सुधारणार काय? एखादा पगार दाखवायचा राहिला असता तर ३१ डिसेंबर २०२५च्या आत सुधारित रिटर्न हा योग्य मार्ग होता.

२६एएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या टीडीएसचं खात्याकडचं विवरण) उघडा आणि जुन्या कंपनीच्या टॅनखाली (कर कापणाऱ्याचा क्रमांक) तिसऱ्या तिमाहीची, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरची ओळ शोधा. ओळ आहे पण स्थिती 'यू' आहे, तर चलन आणि टीडीएस विवरणपत्र एकमेकांशी जुळलेलं नाही. 'एफ' असेल आणि तरी नाकारलं असेल, तर रिटर्नमध्ये टॅन किंवा रक्कम चुकली आहे का ते पाहा. ओळच नसेल तर कंपनीने २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं तिमाही विवरणपत्र) भरलेलं नाही, किंवा त्यात तुमचा पॅन नाही.

निशिगंध:
ओळच नाही. फॉर्म १६च्या (कंपनीने दिलेला टीडीएसचा दाखला) भाग अ मध्येही पहिल्या दोनच तिमाह्या आहेत. कंपनी म्हणते, 'टॅक्स भरलाय.'

मोडीलिपी:
भाग अ ट्रेसेसवरून (खात्याचं टीडीएस पोर्टल) निघतो, त्यामुळे तिथे नाही म्हणजे खात्याकडेही नाही. 'भरलाय' एवढ्यावर थांबू नका. चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख व अनुक्रमांक आणि तिसऱ्या तिमाहीच्या २४क्यूचा टोकन नंबर (भरल्याचा पोच क्रमांक) लेखी मागा. चलन असेल पण टोकन नसेल, तर विवरणपत्रच भरलेलं नाही. त्याची मुदत ३१ जानेवारी २०२५ होती आणि उशिराला दिवसाला २०० रुपये फी आहे, म्हणून काही कंपन्या ते पुढे ढकलत राहतात. टोकन असेल तर पॅन चुकलाय. दुरुस्ती विवरणपत्र भरायला सांगा.

क्रम बिघडवू नका. २६एएसमध्ये नोंद येण्याआधी रेक्टिफिकेशन केलंत, तर तीच डिमांड पुन्हा येते. हीच चूक सर्वांत जास्त होते. नोंद आली की सर्व्हिसेस, रेक्टिफिकेशन, करनिर्धारण वर्ष आणि 'रीप्रोसेस द रिटर्न'. 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच' हा पर्याय रिटर्नमधली टीडीएसची माहिती चुकली असेल तेव्हासाठी. तुमची बरोबर आहे. मुदत आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपासून ४ वर्षं, तेव्हा धावपळ नको.

तोवर ३० दिवसांच्या आत डिमांडवर 'डिसअॅग्री' नोंदवा आणि पगारपत्रकं जोडा. न भरलेल्या, उभ्या राहिलेल्या डिमांडवर ३० दिवसांनंतर कलम २२०(२)खाली दरमहा १ टक्का व्याज चालू होतं.

दस्तऐवज:
कंपनीने कापून सरकारकडे भरलंच नसेल तर? त्यासाठी कलम २०५ आहे. पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेची वसुली थेट कर्मचाऱ्याकडून करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये हेच म्हटलं. प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६च्या सूचनांत अधिकाऱ्यांना अशी वसुली न करण्यास सांगितलं आहे. अडचण अशी की सीपीसी (रिटर्नवर प्रक्रिया करणारं खात्याचं केंद्र) हे आपणहून बघत नाही, २६एएसवर चालते. म्हणून तुमच्या कार्यक्षेत्राच्या करनिर्धारण अधिकाऱ्याला अर्ज द्या. सोबत तिन्ही पगारपत्रकं, निव्वळ पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि कंपनीशी झालेला ईमेल व्यवहार जोडा. कपात सिद्ध करायला बँक स्टेटमेंट सर्वांत भक्कम, कारण पगारपत्रकातली निव्वळ रक्कम त्याच्याशी रुपयानिशी जुळते.

अपिलाची मुदत ३० दिवस आहे आणि रेक्टिफिकेशनचा अर्ज केला म्हणून ती थांबत नाही. कंपनी दाद देत नसेल, तर १८ डिसेंबरच्या आत फॉर्म ३५ (अपिलाचा अर्ज) भरून ठेवा.

निशिगंध:
आणि शेवटी भरायचीच वेळ आली तर?

ताळेबंद:
ई-पे टॅक्समध्ये 'रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)' निवडा आणि डिमांड रेफरन्स क्रमांक तोच आहे ना ते पाहा. ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट. त्याखाली भरलेली रक्कम या डिमांडसमोर लागत नाही, आणि ती वळवून घ्यायला पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो.