ऑफलीमधील पीट: हा पर्यावरणाचा प्रश्न मानावा की वहिवाटीचा?

सोलापूरकर_भूगोल यांचा प्रश्न

नमस्कार. सोलापुरात बारा वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवल्यानंतर गेली तीन वर्षे मी आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली काउंटीत राहते आहे. कोळशाच्या प्रकारांचा तक्ता फळ्यावर काढताना पीट मी नेहमी एका ओळीत उरकत असे: सर्वांत कमी दर्जाचे, सर्वांत जास्त ओलावा असलेले, लिग्नाइटच्या आधीचे. त्या एका ओळीवरून येथे घरोघरी केवढे रामायण चालले आहे, हे आता रोज पाहते.

आमच्या शेजारच्या आजीबाईंच्या कुटुंबाची दलदलीत एक पट्टी आहे. दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास मुले-नातवंडे मिळून तेथे वर्षभराचे जळण काढतात. त्याला सगळे 'टर्फ' म्हणतात. आजीबाईंच्या मते ही पट्टी त्यांच्या आजोबांपासून चालत आली आहे आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ पूर्वी पीटवर चालणाऱ्या वीज केंद्रात कामाला होते. ते केंद्र बंद झाले, तरी दलदलीत पुन्हा पाणी साठू द्यावे असे ते ठामपणे म्हणतात. मला यावर मराठीत एक दीर्घ लेख लिहायचा आहे. भूगोलाच्या अभ्यासकांनी हा विषय कोणत्या अंगाने हाताळावा आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणथळ यांचे उत्तर

ताई, सुरुवात जमिनीपासूनच करा, कारण पुढचे सगळे वाद तिच्या घडणीतून निघतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटल्यावर मध्य आयर्लंडच्या सपाट भागात उथळ तळी उरली. ती वनस्पतींच्या अवशेषांनी भरत गेली, वर स्फॅग्नम शेवाळ वाढले आणि पाण्यामुळे हवा न मिळाल्याने मेलेले शेवाळ पुरते कुजलेच नाही. त्यातला कार्बन जमिनीतच साठला; दलदल सुकवली किंवा पीट जाळले, की तो वातावरणात जातो. हा थर ढोबळ मानाने वर्षाला एक मिलिमीटर चढतो. म्हणजे आपल्या शेजारच्या आजीबाई हातभर लांबीची जी एक ढेप चुलीत सरकवतात, तिच्यात तीन-चार शतके साठलेली असतात. तुमच्या भागातली दलदल अशी घुमटासारखी उंच वाढलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर, जेथे पाऊस फार, तेथे ती डोंगरउतारांवर चादरीसारखी पसरते.

आता या थराखाली काय सापडते ते पाहा. मेयो काउंटीतील केजे फील्ड्स येथे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतांचे दगडी बांध पीटखाली सापडले. १९३० च्या दशकात तेथील एका शाळामास्तरांना पीट काढताना खोलवर रचलेले दगड दिसले आणि पुढे त्यांच्याच मुलाने पुरातत्त्वज्ञ होऊन ते उलगडले. (शिक्षकांचे डोळे उघडे असले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण मला फार प्रिय आहे.) लाँगफर्डमधील कोरली येथे ओकच्या फळ्यांचा एक रस्ता निघाला आणि झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून ती झाडे इ.स.पू. १४८ मध्ये तोडल्याचे ठरले. हा रस्ता उजेडात आला तोही १९८० च्या दशकात, पीटचे उत्खनन चालू असताना. जे काम दलदल संपवत होते, त्याच कामामुळे दलदलीचा इतिहास हाती लागला. म्हणूनच पर्यावरण एका खणात आणि समाज दुसऱ्या खणात असा लेख लिहू नका.

अर्थकारणासाठी १९४६ हे वर्ष धरा. त्या वर्षी बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी स्थापन झाली. देशात दगडी कोळसा जवळजवळ नाही, युद्धकाळात ब्रिटनमधून येणारा कोळसा आटलेला, अशा स्थितीत पीट म्हणजे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन होते. ज्या मध्यभागातून लोक पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जात होते, तेथे पगाराची नोकरी, कामगार वसाहती आणि अरुंद रुळांची रेल्वे आली. शॅननब्रिज आणि लेन्सबरो येथील वीज केंद्रे डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. आता हीच कंपनी पाणी काढून टाकण्यासाठी खणलेले चर बुजवून हजारो हेक्टरवर पुन्हा पाणी साठवते आहे. आपले ते गृहस्थ हे सगळे आतून पाहिलेले आहेत. त्यांची सविस्तर मुलाखत अवश्य घ्या.

रॉसकॉमनवासी यांचे उत्तर

वरील विवेचन उत्तम आहे, पण कंपनीचे उत्खनन आणि आजीबाईंची पट्टी या दोन गोष्टी लेखात वेगळ्या ठेवाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आजीबाईंकडे बहुधा पीट काढण्याचा हक्क असेल. जमिनीची मालकी दुसऱ्या कोणाची असू शकते, आणि तरीही ठरावीक पट्टीतून घरापुरते जळण काढण्याचा हक्क पिढीजात चालत येतो. आपल्याकडील 'वहिवाट' हा शब्द याला जितका चपखल बसतो तितका इंग्रजी शब्दही बसत नाही.

या वहिवाटीवर घाव पडला तो युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशामुळे. संरक्षित ठरलेल्या ५३ दलदलींमध्ये २०११ पर्यंत पीट काढणे बंद झाले. हक्कदारांना पंधरा वर्षे दर वर्षी १,५०० युरो किंवा दुसरीकडे पट्टी असे पर्याय देण्यात आले. काहींनी ते घेतले, काहींनी आदेश उघडपणे धुडकावले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांतून आणि इंटरनेटवरून पीट विकण्यास मनाई झाली. हक्कदाराला स्वतःपुरते काढण्याची मुभा मात्र राहिली.

पैशांनी हा प्रश्न का सुटला नाही, हे पट्टीवर एक दिवस राबल्याशिवाय कळत नाही. मी शेजाऱ्यांबरोबर दोन उन्हाळे हे काम केले आहे. पूर्वी 'श्लॉन' नावाच्या पंख असलेल्या फावड्याने ढेपा कापत; आता यंत्र त्या लांबच लांब वळ्यांसारख्या जमिनीवर सोडते. त्या जरा सुकल्या, की चार-पाच ढेपा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. आपल्याकडे गोवऱ्या वाळवून हुडवी रचतात, तीच जाण यात आहे. सतत वाकून पाठीचा काटा ढिला होतो, पण दुपारी सगळे चहाला एकत्र बसतात, आणि गावातल्या सोयरिकी, आजारपणे, परदेशी गेलेली मुले, सगळे तेथे बोलले जाते. भरपाईच्या रकमेत या दिवसाचा हिशेब नव्हता.

आकडे_बोलतात यांचे उत्तर

मी थोडा वेगळा सूर लावतो. चहा आणि सोयरिकींचे वर्णन मला पटते, परंतु त्यामुळे खर्चाचा प्रश्न झाकला जाऊ नये. जुन्या, नीट उष्णतारोधन न केलेल्या घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती पीट जाळते, कारण तेल विकत घेणे तिला परवडत नाही. घराची दुरुस्ती आधी आणि बंदी नंतर, हा क्रम जेथे उलटला तेथे राग साचला, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा सीमेपलीकडचा. २०१९ च्या एका न्यायालयीन निकालानंतर मोठ्या क्षेत्रावरील पीट उत्खननाला परवानग्या मिळणे अवघड झाले. अळिंबीच्या शेतीत वाफ्यावर पीटचा थर लागतोच. परिणामी सप्टेंबर २०२१ मध्ये लॅटव्हियातून सुमारे ३,६०० टन पीट घेऊन जहाज ड्रॉहेडा बंदरात आले. आयर्लंडमधील दलदल वाचली आणि बाल्टिक किनाऱ्यावरची खणली गेली, तर वातावरणाच्या दृष्टीने काय साधले? हा प्रश्न लेखात आलाच पाहिजे.

नकाशाप्रेमी यांचे उत्तर

ताई, पद्धतीबद्दल थोडे सांगतो. आयर्लंडचा मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा १८२४ ते १८४६ या काळात तयार झाला आणि त्यात प्रत्येक 'टाउनलँड', म्हणजे आपल्या भाषेत मौजे, हद्दीसह दाखवलेले आहे. या मोजणीचा दर्जा असा, की भारताच्या सर्वेक्षणातील अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर असताना १८२९ मध्ये तिची रीत पाहायला गेले आणि तेथे वापरल्या जाणाऱ्या, तापमानाने लांबी न बदलणाऱ्या कोल्बी दांड्या पुढे भारताच्या सर्वेक्षणातही आल्या.

हा नकाशा महादुष्काळाच्या, म्हणजे १८४५ पासून बटाट्यावरील रोगामुळे पडलेल्या दुष्काळाच्या, अगदी आधीचा आहे, हे विसरू नका. १८४१ च्या जनगणनेत संपूर्ण बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. बटाटा निकृष्ट जमिनीतही येत असल्याने भूमिहीन कुटुंबे दलदलीच्या कडांपर्यंत सरकली होती. दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले आणि तितकेच देश सोडून गेले. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड या दोन्हींची लोकसंख्या मिळवली तरी बेट आजही १८४१ च्या आकड्याला पोहोचलेले नाही. जुन्या नकाशावर दलदलीच्या काठाने घरांचे ठिपके मोजा, नंतरच्या पंचवीस इंची नकाशात तेच ठिपके शोधा आणि शेवटी आजचे हवाई छायाचित्र शेजारी ठेवा. आजीबाईंच्या पट्टीची कड किती मागे सरकली, तेही त्यातच दिसेल.

सोलापूरकर_भूगोल

सर्वांचे मनापासून आभार. लेख संपूर्ण काउंटीवर न लिहिता आमच्या एकाच मौजावर लिहायचा, असे मी ठरवले आहे. काल आजीबाईंना जुना नकाशा दाखवला. त्यांची पट्टी दलदलीत जेथे सुरू होते, तेथे नकाशावर तीन घरे आहेत. त्यांनी बराच वेळ त्यावर बोट ठेवले आणि त्यांपैकी एका घराचा चौथरा अजून काटेरी झुडपांत आहे, असे सांगितले. शनिवारी त्या मला तेथे नेणार आहेत. नकाशाप्रेमी, तो चौथरा कधी ओस पडला हे ठरवायला १८४७ नंतरच्या ग्रिफिथ यांच्या मूल्यांकन नोंदी उपयोगी पडतील का?

नकाशाप्रेमी

नक्की पडतील. त्या नोंदींत मौजेवार कब्जेदार, जमीनमालक, क्षेत्र आणि घराचे मूल्य दिलेले असते. सातबारा वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्या लगेच उमगतात. घराची नोंद तेथे नसेल, तर ते घर बहुधा दुष्काळाच्या वर्षांतच ओस पडले. मात्र नोंद असून पुढील फेरतपासणीत कब्जेदाराचे नाव खोडलेले असेल, तर ते कुटुंब नंतर गेले असावे. शनिवारी चौथऱ्याची लांबी-रुंदी मोजून आणा.