मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी गढूळ पाणी : तातडीने मदत हवी आहे

आमच्या गावाच्या वर ओढ्याचा पूर अडवण्यासाठी बांधलेला सुमारे ८ मीटर उंचीचा मातीचा बंधारा असून त्याच्या खालच्या पायथ्याशी पूर्वीपासून थोडे स्वच्छ पाणी झिरपत असे. गेल्या आठवड्यातील पावसानंतर ते गढूळ झाले आहे. १५ लिटरची बादली पूर्वी ४० सेकंदांत भरत असे, ती आता २५ सेकंदांत भरते आणि तळाशी मूठभर बारीक माती उरते.

भरावावरील झुडपे तोडली असून खेकड्यांची बिळे बुजवली आहेत (२०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण खेकड्यांमुळे फुटले असे मंत्र्यांनी सांगितल्यापासून खेकड्यांचे नाव काढले की लोक हसतात, पण बिळे खरोखरच होती). संबंधित कार्यालयाला लेखी कळवले आहे, पाहणी अद्याप झालेली नाही. विमोचकाचा (बंधाऱ्यातून पाणी सोडण्याच्या वाटेचा) दरवाजा गंजून अडकला आहे; सांडवा मोकळा आहे. खालच्या १२ घरांतील माणसे रात्री शाळेत झोपतात.

काही जण झिरप्यावर काळी माती टाकून तो बंद करा म्हणतात, परंतु कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढील अशी मला भीती वाटते. अभियंता येईपर्यंत त्या जागी आधी वाळू, मग खडी आणि वर दगड असा उलटा फिल्टर घालणे योग्य ठरेल का, आणि पंप लावून पातळी उतरवायची झाल्यास, वरच्या, म्हणजे पाण्याकडील बाजूचा भराव घसरू नये म्हणून, दिवसाला किती उतरवावी?