ऊसतोड बायकांच्या मुलाखती, "बरं चाललंय"च्या पुढे जातच नाहीत

मृण्मयी_एमए
नमस्कार मंडळी, समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी बीडहून सांगलीकडे आलेल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती घेतेय. मुकादम, म्हणजे टोळी आणणारा कंत्राटदार, ओळख करून देतो आणि मग तिथेच बसून राहतो, "उचल किती घेतली" (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे), "त्रास होतो का" विचारलं की बाई त्याच्याकडे बघते, "बरं चाललंय" म्हणते की संपलं. बोलतं कसं करायचं?

फडावरची
मुकादमासमोर उचलीचा विषयच काढू नकोस गं. ती त्याची देणेकरी आहे, पुढच्या हंगामाला परत त्याच्याच टोळीत यायचंय तिला. आणि नवराबायकोची जोडी मिळून एक "कोयता" धरतात, म्हणजे हिशोबाला एकच, व्यवहार मात्र बहुतेक नवऱ्याशीच होतो, तिला नक्की आकडा माहीतही नसेल. त्यापेक्षा उचल कशाकशाला गेली ते विचार, लग्न, दवाखाना, जुनं देणं, ते तिला पाठ असतं.

अनिकेत के.
जेम्स स्प्रॅडलीचं 1979चं एथ्नोग्राफिक मुलाखतीवरचं पुस्तक लायब्ररीत बघ. त्याची पद्धत साधी आहे, आधी मोठा वर्णनाचा प्रश्न. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, सगळं सांगा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग पहाटेचा स्वयंपाक, मोळ्या बांधणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकणं, रात्री गाडी भरायला जाणं आपोआप येतं. तिनेच मध्ये "खाडा" (कामाला न गेलेला दिवस) म्हटलं की तिथे थांब, शेवटचा खाडा कधी पडला, पैसे किती कापले विचार. आजारपण, पाळी, बाळंतपण सगळं त्या खाड्याच्या मागे असतं, "त्रास होतो का"ला ते कधीच येणार नाही.

फडावरची
अगदी बरोबर. फक्त गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा विषय आपणहून काढू नकोस हं, 2019 मध्ये त्यावर सरकारने चौकशी समिती नेमली तेव्हापासून विचारणारे खूप येऊन गेलेत. तिने काढला तर ऐक, तेही एकटी असेल तेव्हाच.

मृण्मयी_एमए
खूप मदत झाली! आणि संमतीचा फॉर्म? सही म्हटलं की घाबरतात.

अनिकेत के.
घाबरणारच, उचलीच्या कागदावर अंगठे दिलेले असतात. गाईडला विचारून तोंडी संमती रेकॉर्ड कर, नाव गाव बदलणार हे आधी सांग. आणि जमलं तर हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात त्यांच्या गावी जा, फडावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, घरी दुपारी निवांत बसून बोलतील.