३१ व्या वर्षी डॉक्टर व्हायला निघावं का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सविता (बी-२०४): नमस्कार. जरा घरचाच विषय आहे, पण ग्रुपवर हॉस्पिटल लाइनमधली माणसं आहेत म्हणून विचारते. माझं वय ३१. नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) झालाय, खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. आता एक तर नीट देऊन एमबीबीएस, नाहीतर नर्सिंगची डिग्री (पोस्ट बेसिक बी.एस्सी.) करून सीएचओ, म्हणजे गावच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी, किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जास्त शिकून काही उपचार स्वतः करणारी नर्स. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

कुलकर्णी काका (ए-३०२): ३१ व्या वर्षी नीट? वयाची अट असते ना त्याला?

डॉ. नेहा (सी-१०३): काका, वरची वयोमर्यादा २०२२ लाच काढली. आता १७ वर्षं पूर्ण पाहिजेत, एवढंच.

कुलकर्णी काका (ए-३०२): मग भरू दे की फॉर्म.

डॉ. नेहा (सी-१०३): फॉर्म सगळेच भरतात हो. २०२४ ला २४ लाखांच्या आसपास होते. १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की एक मार्क वजा. त्यात ४५ प्रश्न फिजिक्सचे. ताई, फिजिक्सचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं?

सविता (बी-२०४): बारावीला. ते पण गाइड 😅

प्रकाश (बी-२०४): मी दुसऱ्या पार्टीचा. सीएचओला राज्यात २५ हजार पगार आणि कामावर १५ हजारांपर्यंत वेगळे. म्हणजे ४० पर्यंत जातंय. पोस्ट बेसिकला दोनच वर्षं लागतात. एमबीबीएसला साडेचार अधिक एक वर्ष इंटर्नशिप. माझ्या टॉवेलच्या कारखान्यातल्या एका पगारावर साडेपाच वर्षं कशी काढायची ते सांगा कुणीतरी.

श्रीनिवास (सी-२०२): माझी चुलत बहीण अमेरिकेत आहे. तिथं पीए असतो, फिजिशियन असिस्टंट. डिग्रीनंतर सव्वादोन-अडीच वर्षांत होतो आणि औषधं लिहून देतो. नर्स प्रॅक्टिशनरचं पण तसंच. आपल्याकडं का नाही?

डॉ. नेहा (सी-१०३): तिकडं दोन्ही १९६५ ला सुरू झालं. पीए ड्यूक विद्यापीठात, नौदलातल्या अनुभवी मेडिकल जवानांना घेऊन, आणि नर्स प्रॅक्टिशनर कोलोरॅडोत. मागं साठ वर्षांचे कायदे आहेत, परवाना आहे. आपल्याकडं पीएचा कोर्स १९९२ ला चेन्नईत सुरू झाला, पण औषधं लिहून द्यायचा परवाना काही मिळाला नाही. २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला (डॉक्टर नसलेल्या आरोग्य सेवकाला) औषधं द्यायचा मर्यादित परवाना द्यायचं कलम घातलं, तर देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. पाणी उद्या पहाटे साडेचारला येणार आहे. पाच दिवसांनी येतंय, टाकी भरली की मोटर बंद करा. मागच्या वेळी ए विंगचं पाणी जिन्यावरून खाली आलं.

मेट्रन आक्का (ए-१०१): सविता, तुला हे सुचलं कशामुळं ते आधी सांग. पगार, वय सगळं नंतर.

सविता (बी-२०४): आक्का, मागच्या महिन्यातलं सांगते. रात्री तीनला एका पेशंटची लघवी तासाला दहा एमएलवर आली. बीपी पडायला लागलं. आरएमओ सरांना (रात्रीच्या ड्यूटी डॉक्टरांना) उठवलं, त्यांनी कन्सल्टंटना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मी नॉरॲडची (बीपी वाढवायच्या औषधाची) सिरिंज भरून, लेबल लावून पंपावर चढवून ठेवली होती. फक्त स्टार्ट दाबायचं राहिलं होतं. ऑर्डर नाही म्हणून वीस मिनिटं तिथं उभी राहिले. किती रेटनं लावायला सांगणार तेसुद्धा माहीत होतं मला. शेवटी फोन लागला आणि तेच सांगितलं.

मेट्रन आक्का (ए-१०१): हं. आता नीट ऐक. मोठं लिहिते, बोटं दुखतात तरी.

सीएचओ म्हणजे उपकेंद्र. पाच हजार वस्ती, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर तपासायचं, गोळ्या चुकवणाऱ्याला शोधून काढायचं, गरज पडली तर ई-संजीवनीवर, म्हणजे ऑनलाइन, डॉक्टरशी बोलणं करून द्यायचं. ॲपमध्ये आकडे भरायचे, त्यावर ते १५ हजार. काम चांगलं आहे. मोहोळकडच्या एका पोरीनं अख्ख्या गावाची शुगर ताब्यात आणलेली मी बघितलीय. पण नोकरी कंत्राटी, आणि तुझा तो पंप तिथं नाही. तुला हे काम नकोय असं मला वाटतं.

राहिलं नर्स प्रॅक्टिशनर. क्रिटिकल केअरचा कोर्स नर्सिंग कौन्सिलनं आणलाय, एम.एस्सी.च्या दर्जाचा, दोन वर्षांचा. आधी पोस्ट बेसिक दोन, म्हणजे चार वर्षं. बेडजवळच राहशील, शिकशील खूप. प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय तेवढं स्वतः करशील. पण प्रोटोकॉलवर सही डॉक्टरची, आणि किती हॉस्पिटलं त्या पदाचा पगार देतात ते विचारून बघ. मी चौकशी केली तर लोक म्हणाले, सिस्टर म्हणूनच घेऊ.

आणि एमबीबीएस. पुढच्या मे मध्ये पहिल्याच झटक्यात लागलं असं धरू. वय ३२. बाहेर पडशील तेव्हा ३८. सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बाँडची सरकारी नोकरी, नाहीतर १० लाख भरा. आणि नुसत्या एमबीबीएसनं आयसीयू तुझ्या हातात येत नाही गं. तू पण कन्सल्टंटलाच फोन लावशील. एमडीची तीन वर्षं धर, ४२ झाली.

कुलकर्णी काका (ए-३०२): बेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले १९३८ ला...

श्रीनिवास (सी-२०२): काका, ते २७ व्या वर्षी गेले होते, डॉक्टर होऊन 🙏

प्रकाश (बी-२०४): आणि सरकारी नोकरीची वयोमर्यादा साधारण खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ते पण बघा.

डॉ. नेहा (सी-१०३): ताई, मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर आहे, म्हणून एक कळकळीनं सांगते. नीटला मार्क कमी पडले तर लोक म्हणतील बीएएमएस घे, बीएचएमएस घे. वर्षं तेवढीच लागतात, साडेपाच. मग रात्रीचे आरएमओ आम्हीच होतो. तुमचे ते सर पण बहुतेक आमच्यातलेच असतील. २०१४ ला आमच्यासाठी राज्यानं कायदा बदलला, एक वर्षाचा सीसीएमपी (ॲलोपॅथीची औषधं द्यायला शिकवणारा कोर्स) आणला. तो करून नोंदणीची वेळ आली तर डॉक्टरांच्या संघटनांनी संप केला, प्रकरण कोर्टात. मधल्या पायरीवर उभं राहणं काय असतं ते मला विचारा. तुम्ही आत्ता जिथं आहात, त्याच्यापेक्षा फार वर नाही ती.

आणि नाइट करून दिवसा एमबीबीएस करीन असं डोक्यात असेल तर काढून टाका. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते.

सविताच्या सासूबाई: मी पयल्या पार्टीची हाय. पोरगी आताबी नाइटच करत्या. सकाळी येऊन डबा करत्या, मग झोपत्या, पोरगं शाळेतनं मीच आणते. कॉलेजला गेली तर निदान रात्री घरात असंल. फीचं काय ते सांगा.

मेट्रन आक्का (ए-१०१): तुम्ही बरोबर बोललात बघा. फीचं सांगते. २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर. वैद्यकीय पण त्यात आहे. म्हणजे खर्च फीचा नाही, बुडालेल्या पगाराचा आहे. इंटर्नशिपला राज्यात महिना १८ हजार मिळतात, पण ते शेवटच्या वर्षी. आधीची साडेचार वर्षं कोरडी. ती प्रकाशनं वहीत मांडून बघावीत, उगाच नाही म्हणू नये.

सविता (बी-२०४): आक्का, तुम्ही माझ्या जागी असता तर?

मेट्रन आक्का (ए-१०१): मी विचारलंच नव्हतं कुणाला, तेव्हा वयाची अट होती. माझं म्हणणं एवढंच, राजीनामा देऊ नकोस. जानेवारीपासून नाइट कमी करून घे आणि नीट एकदाच दे. दोनदा, तीनदा देत बसणारी पोरं वेगळी, त्यांच्या घरात त्यांच्यावर कुणी अवलंबून नसतं. सरकारी सीटचे मार्क पडले तर जा, मागं बघू नकोस. नाही पडले तर पोस्ट बेसिकचा फॉर्म भर, दोन वर्षांत मोकळी. मधलं काहीतरी पदरात पाडून घ्यायचं म्हणून दुसरी डिग्री घेऊ नकोस, नेहा बोलली ते शंभर टक्के.

बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) किती होते?

सविता (बी-२०४): ४७ टक्के 🙈

डॉ. नेहा (सी-१०३): मागास प्रवर्गाला ४० लागतात. चालतंय. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

सविता (बी-२०४): मग सीएचओ माझ्या यादीतून गेलं. आक्का म्हणतात ते खरंय, मला आयसीयू सोडायचंच नाही.

प्रकाश (बी-२०४): अगं पण ४० हजार...

सविताच्या सासूबाई: प्रकाश, शेजारच्या खोलीत बसून ग्रुपवर काय टाइप करालाय? बाहेर ये, वही घेऊन.